अंगवळणी पडलेला टँगो

ब्वेनोस आइरेसच्या 'कारास इ कारेतास' या सचित्र साप्ताहिकाने १९०३ साली टँगो नाचाची काही छायाचित्रे छापली. त्या छायाचित्रांतल्या जोडीत बाई नाही. दोन पुरुष एकमेकांना धरून नाचाच्या पवित्र्यात उभे आहेत आणि दोघांच्याही चेहऱ्यावर संकोच नाही. अशा चित्रांखाली बहुधा एकच खुलासा वाचायला मिळतो. शहरात बायका कमी होत्या, वेश्यागृहाच्या दाराशी ताटकळणारे पुरुष वेळ घालवायला आपसांत नाचत, आणि त्यातून टँगो जन्मला. खुलासा चटकदार आहे, म्हणूनच तो टिकला असावा.

त्यात तथ्य आहे, पण निम्मे. १८६९च्या जनगणनेत ब्वेनोस आइरेसची वस्ती दोन लाखांच्या आत होती. १९१४ साली ती पंधरा लाखांच्या वर गेली आणि तीतले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. इटली आणि स्पेनमधून बोटी भरभरून येत. येणाऱ्यांत एकट्या तरुण पुरुषांचा भरणा मोठा. बायका कमी होत्या हे खरेच. पण मग १९४०च्या दशकात, संख्येची ही तफावत बरीच भरून आल्यावरही, त्या शहरातल्या पोरांनी आठवड्याच्या कित्येक संध्याकाळी दुसऱ्या पोरांच्या मिठीत का काढाव्यात?

या प्रश्नाचा नाद मला लागला तो अभ्यासक म्हणून नव्हे. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. टँगोकडे वळलो तो बंदोनेऑन या वाद्यामुळे. आपल्या पेटीसारखेच धातूच्या पट्ट्यांवर वाजणारे, जर्मनीतून तिकडे गेलेले हे वाद्य. रेकॉर्डी ऐकता ऐकता शब्दकोश हाताशी घेऊन स्पॅनिश वाचू लागलो आणि वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पुण्यात एका टँगोच्या वर्गात नाव घातले. तिथे पहिल्याच दिवशी आठ पावलांचा एक साचा शिकवला गेला. आरेखकाला याहून काय हवे? घरी येऊन मी आलेखाच्या कागदावर आठही पावले काढली, डावे निळे, उजवे लाल. महिनाभरात साचा पाठ झाला. पुढच्या दीड वर्षात मला कळत गेले की जे पाठ झाले होते ते मोडून काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चूक वर्गाची एकट्याची नव्हती. ती फार लांबून, एका देशाच्या इतिहासातून आलेली होती.

त्या पोरांचे उत्तर साधे आहे. ती शिकत होती. सार्वजनिक नाचाच्या जागेला 'मिलोंगा' म्हणतात. शिकायची जागा वेगळी, तिचे नाव 'प्राक्तिका'. वस्तीतल्या एखाद्या क्लबची मागची खोली, एखाद्याचे अंगण, ग्रामोफोन आणि फक्त पुरुष. मराठीत या जागेला नेमका शब्द आहे. तालीम. कोल्हापूरच्या माणसाला तालीम म्हटले की जागाही समजते, सरावही समजतो आणि तिथला वस्तादही डोळ्यांसमोर येतो. प्राक्तिका तशीच होती. शुल्क नाही, अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र तर नाहीच.

क्रिस्टीन डेनिस्टन या इंग्रज नर्तिकेने त्या पिढीच्या वृद्ध नर्तकांशी बोलून २००७ साली 'द मीनिंग ऑफ टँगो' हे पुस्तक प्रसिद्ध केले. तीत या तालमीची रीत नोंदवलेली आहे. नवा मुलगा आला की आधी नुसता बघत बसायचा. मग कुणीतरी मोठा मुलगा त्याला उठवायचा आणि आपल्याबरोबर चालवायचा. म्हणजे नव्याने बाईची बाजू शिकायची. पुढचा चालवील तसे मागे मागे जायचे. हे आठवडाभर नाही, कित्येक महिने. आपण नेतोय असे समजून पाऊल टाकायची मुभा नाही. त्यानंतर केव्हातरी त्याच्याहून नवा मुलगा आला की याने त्याला चालवायचे. अशी दोन-तीन वर्षे गेल्यावर मोठी मुले एखाद्या रात्री त्याला मिलोंगात नेत आणि ओळखीतल्या एखाद्या चांगल्या नाचणारीला विनंती करत, जरा याच्याबरोबर नाच.

आज कुणी अशी जाहिरात केली तर एकही विद्यार्थी मिळणार नाही. तीन वर्षे! पण या रीतीतली मेख बघण्यासारखी आहे. टँगोत पावलांचा क्रम ठरलेला नसतो. नेणारा दर पावलाला नवे ठरवतो आणि ते जोडीदाराच्या अंगाला कळावे लागते, छातीच्या किंचित वळण्यातून, भार एका पायावरून दुसऱ्यावर जाण्यातून. हाताने ओढणे किंवा ढकलणे हा त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत सामान्य दोष. आता ज्या पोराला सहा महिने कुणीतरी हाताने ओढले आहे, ज्याचा तोल दुसऱ्याच्या घाईने शंभरदा गेला आहे, त्याला हा दोष समजावून सांगावा लागत नाही. तो दोष त्याने दंडावर सोसलेला असतो. आणि ज्याने त्याला अलगद चालवले, त्याचे ते चालवणे त्याच्या अंगात आधीच उतरलेले असते. पहिल्यांदा नेण्याची वेळ येते तेव्हा त्याला नवे थोडेच शिकायचे असते. एका परीने ही तीन वर्षांची वाट जवळची होती.

शिवाय जोडीदार दर गाण्याला बदलायचा. उंच, बुटका, जड, हलका, उतावळा, सुस्त. एकाच माणसाशी एकच चाल घोटून ती त्याच्यापुरती जमवण्याची सोय नव्हती. १९७९ साली शे आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. एका गटाला एकेक हालचाल सलग घोटायला दिली, दुसऱ्याला त्याच हालचाली मिसळून, उलटसुलट क्रमाने. घोटणारा गट सरावाच्या वेळी पुढे होता. नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेल्यांच्या अंगात जास्त टिकलेले निघाले. ब्वेनोस आइरेसच्या त्या मागच्या खोल्यांत हा प्रयोग कुणी ठरवून केला नव्हता, पण रोज चालू होता.

मुलींचे काय, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा, कारण प्राक्तिकेच्या आठवणी सांगणारे आणि लिहून घेणारे तिच्यात रमून जातात. मुलींना तिथे प्रवेश नव्हता. त्या घरी शिकल्या. आई, मावशी, थोरली बहीण, स्वयंपाकघरातला रेडिओ. पुढे जगभर गाजलेल्या मारिया निएवेस यांनी आपण लहानपणी झाडू हातात धरून सराव करत होतो हे सांगितले आहे. थोरली बहीण नाचायला जायची, धाकटी बघायची आणि घरी येऊन झाडूबरोबर नाचायची. झाडू ओढत नाही आणि ढकलतही नाही, एवढा त्याचा गुण. पण पोरांच्या तालमीची तपशीलवार वर्णने मिळतात आणि मुलींच्या शिक्षणाला असे तुकडे पुरवावे लागतात. मुलगा मुलगी होऊन शिकला याचे कौतुक करताना, मुलीला मुलगा होऊन नेऊन पाहण्याची संधी कितीशी मिळाली असेल, याचा विचार कमी होतो.

तालमीनंतरची परीक्षा मिलोंगात. तिथे कुणी कुणाला चुका सांगत नाही. नाचाच्या फरशीवर शिकवणे हे आजही असभ्यपणाचे समजले जाते. परीक्षा नजरेने होते. पुरुष दुरून एखाद्या बाईकडे बघतो, तिने नजर दिली तर मान किंचित हलवतो. याला 'काबेसेओ' म्हणतात. तिला नाचायचे नसले तर ती दुसरीकडे बघते, कुणाचा अपमान होत नाही. गाणी तीन-चारच्या संचात वाजतात आणि संच संपेपर्यंत जोडी सोडत नाहीत. दहा-बारा मिनिटे एखाद्याने दंड पिळला तर पुढच्या शनिवारी त्या बाईची नजर त्याला सापडत नाही, आणि तिच्या मैत्रिणींचीही नाही. सुधारायचे तर परत तालमीत. १९३५ पासून पुढची वीस वर्षे हे चक्र जोरात फिरत होते. हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदाने टँगोला पुन्हा ठसक्याचा, पायाला बोलावणारा ताल दिला, रेडिओने तो घराघरांत नेला, आणि कार्निव्हलच्या रात्री फुटबॉल क्लबांच्या मैदानांवर हजारोंनी लोक नाचले. कार्लोस एस्तेवेस, ज्यांना सगळे 'पेत्रोलेओ' म्हणत, त्यांच्यासारख्यांनी याच तालमींत गिरकीच्या नव्या रीती बसवल्या. वस्तीवस्तीची ढब वेगळी. व्हिला उर्किसाचा माणूस चालण्यावरून ओळखू येई असे म्हणत.

टँगोची एक शाखा याच्या कितीतरी आधी परदेशी गेली होती. १९१३च्या सुमारास पॅरिस आणि लंडन टँगोने वेडे झाले. जर्मन सम्राट विल्हेल्मने आपल्या अधिकाऱ्यांना गणवेशात तो नाचायला मनाई केली. ज्यांच्याकडे तालीम नव्हती त्यांच्यासाठी शिक्षक आले, आणि शिक्षक आले की क्रम आला, आकडे आले, पावलांचे नकाशे आले. इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकात नृत्यशिक्षकांनी टँगोचे नियम ठरवून टाकले. अमेरिकेत आर्थर मरे टपालाने नाच शिकवू लागला, कागदावर छापलेल्या पावलांच्या ठशांसह. माझा निळा-लाल कागद पाहून मला वाटले होते की ही युक्ती माझी. ती शंभर वर्षे जुनी निघाली. हा टँगो वेगळा झाला, मान झटकणारा, स्पर्धांचा. त्याच्याशी इथे आपल्याला कर्तव्य नाही.

ब्वेनोस आइरेसमधली तालीम तुटली ती १९५५ नंतर. त्या सप्टेंबरमध्ये लष्कराने हुआन पेरोन यांची सत्ता उलथवली. टँगोवर बंदी आली असे सरसकट लिहिले जाते, ते बरोबर नाही. जे झाले ते जास्त गुंतागुंतीचे होते. पेरोनच्या बाजूचे कलावंत वाळीत पडले. गायिका नेली ओमार यांना कित्येक वर्षे कामच मिळेना. जमावावर नजर आली, रात्रीच्या गर्दीला परवानग्या आल्या. त्याच सुमारास रॉक अँड रोल आला, आणि तो नाचायला तीन वर्षांची तालीम लागत नव्हती. मोठे वाद्यवृंद परवडेनासे झाले. एकेक कारण सुटे घेतले तर टँगोने ते पचवले असते. पण सगळ्यांचा मिळून एक परिणाम असा झाला की तालमीत नवा मुलगा येईना. आणि ही रीत उभी होती ती नेमकी नव्या मुलावर. तो नसेल तर कालचा नवा आज नेणार कुणाला? बिनपुस्तकाची विद्या होती. एक पिढी आली नाही आणि साखळी निखळली. १९७६ ते १९८३ची लष्करी राजवट तर साध्या चार मित्रांच्या जमण्यालाही भीती घालणारी. जुने नाचणारे पांगले, संसाराला लागले, म्हातारे झाले.

मग १९८३च्या नोव्हेंबरात क्लाउदिओ सेगोव्हिया आणि एक्तोर ओरेसोली यांचा 'तान्गो आर्खेन्तिनो' हा प्रयोग पॅरिसमध्ये झाला. पुढच्याच महिन्यात अर्जेंटिनात लोकशाही परतली. १९८५ साली प्रयोग ब्रॉडवेवर गेला. त्यात हुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएवेस होते, म्हणजे आपली झाडूवाली मुलगी, आता पन्नाशीची. आणि व्हिरुलासो होता, शंभर किलोंच्या वरचा, मध्यमवयीन, मांजरासारखा चालणारा. प्रेक्षकांनी हे पाहिले आणि त्यांना ते स्वतःला यायला हवे असे वाटले. युरोप-अमेरिकेतून लोक विमानाने ब्वेनोस आइरेसला येऊ लागले. घरच्या तरुणांनाही पुन्हा उत्सुकता वाटू लागली. १९४५ साली वीस वर्षांचे असलेले पोर आता साठीचे होते. कुणीतरी येऊन त्यांना म्हणत होते, आम्हाला शिकवा. दोन आठवड्यांत.

त्या म्हाताऱ्यांची अडचण मला आता समजते. त्यांना कुणी शिकवले नव्हते, त्यांच्याकडून करवून घेतले होते. जे अंगवळणी पडलेले असते ते शब्दांत सांगता येत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला पिठात पाणी किती घालायचे ते विचारून पाहा. तेव्हा सांगता येण्याजोगे, मोजता येण्याजोगे, परदेशी विद्यार्थ्याने वहीत लिहून नेण्याजोगे जे होते ते पुढे आले, आठ पावलांचा साचा. त्याची सुरुवात 'सालिदा', म्हणजे निघणे. पहिले पाऊल नेणाऱ्याने मागे टाकायचे, दुसरे बाजूला, मग दोन पुढे, पाचव्या गणतीला बाईचा डावा पाय उजव्यापुढे आडवा येतो, ती 'क्रुसादा', मग तीन पावलांत शेवट. वर्गासाठी साचा सोयीचा आहे. वीस माणसे एका वेळी हलवता येतात, आणि पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकाला वाटते, मला टँगो आला.

त्यातून उपजलेल्या सवयी मी स्वतःच्या अंगावरून सांगू शकतो. मिलोंगात सगळ्या जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्या ओघात मागे पाऊल टाकणे म्हणजे मागून येणाऱ्याच्या पायावर टाकणे. माझे पहिले पाऊल दर वेळी मागेच पडायचे, कारण गणती एकपासून सुरू होते. एका संध्याकाळी मी एका बाईच्या घोट्यावर टाच मारली आणि बर्फ आणायला धावलो. दुसरी सवय त्याहून खोल. क्रुसादा ही बाईने स्वतःहून करायची गोष्ट नाही, नेणारा तिला तिथे आणतो. पण साच्याने शिकलेली बाई पाच म्हटले की पाय आडवा घालते, नेवो अथवा न नेवो. तिने तो न सांगता घातला की नेणाऱ्याला तो आणायला शिकावेच लागत नाही. दोघांना वाटते जमले. एकाचे न येणे दुसऱ्याच्या घाईखाली झाकले जाते. मग हे दोघे अनोळखी जोडीदारापुढे उभे राहतात आणि काहीच चालत नाही. तेव्हा पुरुष हात वापरू लागतो. तालमीत पहिल्या सहा महिन्यांत जो दोष मरायचा, तो इथे दुसऱ्या वर्षी जन्माला येतो. स्पॅनिशमध्ये नाचातल्या अशा खोडीला 'व्हिसिओ' म्हणतात. दारूच्या किंवा जुगाराच्या नादालाही तोच शब्द. मोडायला लागणारा वेळ पाहता तो बरोबर आहे.

म्हणून मला वाईट सवय ही विद्यार्थ्याच्या आळसाची गोष्ट वाटत नाही. शिकण्याचा क्रम उलटा झाला की ती येते, आणि क्रम उलटा झाला तो वेळ विकत मिळत नाही म्हणून. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला सहा महिने मागे मागे चालवणार कोण?

तिकडच्या पुढच्या पिढीने यावर दोन बाजूंनी उपाय शोधले. १९९०च्या दशकात गुस्ताव्हो नाव्हेइरा, फाबिआन सालास आणि त्यांच्या सोबत्यांनी एकत्र सराव करत जुन्या चाली सुट्या केल्या. हा पाय इथे असताना पुढे किती वाटा उघड्या राहतात, असे प्रश्न विचारले. म्हाताऱ्यांना जे सांगता येत नव्हते त्याचे त्यांनी जणू व्याकरण लिहिले, आणि ते करताना ही माणसे आलटूनपालटून नेत आणि मागे जात. म्हणजे तालीमच, फक्त आता उघड्या डोळ्यांनी. दुसरीकडे सुसाना मिलर यांनी आल्माग्रो क्लबच्या गर्दीत नाचणाऱ्यांची छातीला छाती लावून चालण्याची साधी ढब वर्गात आणली. आठ पावले बाजूला ठेवली, आधी मिठी आणि चालणे. या दोन गटांत पुढे बरेच वाद झाले. ते वाचताना मला आपल्या घराण्यांचे वाद आठवत राहिले, कुणाचा षड्ज खरा, इत्यादी. असो.

तालमीचे गोडवे गाताना एक विसरू नये. ती निवडक होती. ज्याला सहा महिन्यांत जमले नाही त्याला मोठी मुले उठवेनाशी होत, आणि तो कुणालाही न सांगता यायचा थांबे. त्याची मुलाखत कुणी घेतलेली नाही. एकावन्नाव्या वर्षी दारात आलेल्या माणसाला तर तिथे भिंतीशी खुर्चीच मिळाली असती. आठ पावलांनी निदान मला आत घेतले.

२००९ साली युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या मागणीवरून टँगो मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातला. त्या वेळेपर्यंत १९४०च्या तालमींत मागे मागे चाललेल्या बहुतेकांचे चालणे थांबले होते.

आम्ही पाच-सहा जण आता रविवारी संध्याकाळी एका मित्राच्या गच्चीवर जमतो. वर्ग नाही, गणती नाही. गेले चार महिने मी फक्त मागे जातो. मला नेणाऱ्यांत एक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आहे, माझ्या मुलीहून लहान. सुरुवातीला पाचव्या पावलाशी आले की माझा डावा पाय आपोआप आडवा जायचा. ती थांबायची, मला परत दोन्ही पायांवर उभे करायची आणि म्हणायची, "काका, मी सांगितलं का?" मागच्या रविवारी तिने मला क्रुसादाच्या जागी आणले आणि आणले नाही. मुद्दामच. पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ मागे चालवत नेले, आणि माझे पाय सरळ गेले.